मातीच्या कणांचे आकार, पोत आणि त्यांची गणितं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न शेतकरी, कृषी पदवीचे विद्यार्थी, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था आणि काही स्थापत्य अभियंते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येतात. एकच उत्तर दोनदा देण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांत बहुतेक ठिकाणी एकच नमुना वापरला आहे: काळी जमीन, चिकणमाती ५२, गाळ २८, वाळू २० टक्के. सूत्र बदललं की त्याच मातीचा आकडा कुठे जातो हे त्यामुळे दिसतं.

१. मातीचा पोत म्हणजे नेमकं काय? भारी जमीन, हलकी जमीन म्हणजे तेच ना?

२ मि.मी.पेक्षा बारीक मातीत वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं वजनानुसार प्रमाण म्हणजे पोत. ढेकळं, भेगा, भुसभुशीतपणा ही मातीची घडण. नांगरट, शेणखत आणि पाण्याने घडण बदलते, पोत बदलत नाही. ‘भारी’ आणि ‘हलकी’ या बोलीतल्या शब्दांत पोताबरोबर जमिनीची खोलीही येते. मुरमावर वीतभर काळी माती असेल तर गावात तिला हलकीच म्हणतात, प्रयोगशाळेत मात्र तिचा पोत चिकणमातीचा निघू शकतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवू. या पानावर ‘गाळ’ म्हणजे ठरावीक आकाराचे कण. तलावातून काढून शेतात टाकतात त्या गाळात चिकणमातीचं प्रमाण बरंच असू शकतं.

२. वाळू कुठे संपते आणि गाळ कुठे सुरू होतो? प्रत्येक पुस्तकात वेगळा आकडा दिसतो.

पद्धती तीन आहेत, म्हणून आकडे वेगळे दिसतात. चिकणमातीची वरची सीमा तिन्हींत ०.००२ मि.मी. म्हणजे २ मायक्रॉन आहे. भांडण फक्त गाळ आणि वाळूच्या सीमेवर आहे.

अमेरिकी कृषी खात्याच्या पद्धतीत गाळ ०.००२ ते ०.०५ आणि वाळू ०.०५ ते २ मि.मी. आंतरराष्ट्रीय पद्धतीत गाळ ०.००२ ते ०.०२, बारीक वाळू ०.०२ ते ०.२ आणि जाड वाळू ०.२ ते २ मि.मी. भारतीय मानक १४९८ बांधकामासाठी आहे. त्यात गाळ ०.०७५ मि.मी.पर्यंत आणि वाळू ०.०७५ ते ४.७५ मि.मी.

म्हणजे ०.०३ मि.मी.चा एकच कण एका अहवालात गाळ आणि दुसऱ्यात बारीक वाळू ठरतो. ज्या अहवालावर सीमा लिहिलेल्या नाहीत, त्याच्या टक्केवारीवर पुढचं कोणतंही गणित बसवू नका. आपल्याकडच्या जुन्या अहवालांत ‘बारीक वाळू’ आणि ‘जाड वाळू’ असे दोन स्वतंत्र रकाने दिसले तर ती बहुधा आंतरराष्ट्रीय पद्धत असते. रूपांतर कसं करायचं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. मृदा आरोग्य पत्रिकेवर पोत कुठे लिहिलेला असतो?

त्या पत्रिकेच्या १२ घटकांत तो नाहीच. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, विद्युतवाहकता आणि सेंद्रिय कर्ब एवढंच त्यात येतं. पोताची चाचणी वेगळी मागावी लागते. ती घेतानाच सीमा आणि पद्धत लिहून मागा.

४. बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवलं तर टक्केवारी मिळते का?

अंदाज मिळतो, टक्केवारी नाही. बरणीतले थर आकारमान दाखवतात आणि पोत वजनावर ठरतो. चिकणमातीचा थर पाणी धरून फुगलेला असतो, काळ्या मातीत तर जास्तच. त्यामुळे थराची उंची मोजली की चिकणमाती फुगवून दिसते. उलट माती नीट सुटी झाली नाही तर चिकणमातीचे पुंजके वाळूसोबत खाली बसतात आणि ती कमी दिसते. या दोन चुका एकमेकींना कापतील असं धरून चालू नये.

शेतातच ठरवायचं असेल तर बोटांची चाचणी बरी. ओली माती मळून अंगठा आणि तर्जनीमधून पट्टी काढा. पट्टी २.५ सें.मी.च्या आत तुटली तर पोयटा किंवा त्याहून हलकी माती, २.५ ते ५ सें.मी. टिकली तर चिकण पोयटा, त्याहून लांब गेली तर चिकणमाती. वाळूचा खरखरीतपणा वेगळा जाणवतोच.

५. हायड्रोमीटरच्या चाचणीत ४० सेकंद आणि २ तास हे आकडे कुठून आले? तेच वापरायचे का?

हायड्रोमीटर म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी; पाण्यात किती माती अजून तरंगते आहे ते तिच्यावरून कळतं. वेळेच्या मुळाशी आहे स्टोक्सचा १८५१ मधला नियम. स्थिर पाण्यात लहान गोल कण पडण्याचा वेग असा:

वेग = (कणाची घनता − पाण्याची घनता) × गुरुत्वत्वरण × व्यासाचा वर्ग ÷ (१८ × पाण्याची श्यानता, म्हणजे दाटपणा)

कणाची घनता २.६५ धरली तर २० अंश सेल्सिअसला २ मायक्रॉनचा कण १० सें.मी. पडायला सुमारे ७ तास ४४ मिनिटं घेतो. २५ अंशांना ६ तास ५२ मिनिटं आणि ३० अंशांना ६ तास ९ मिनिटं. वेग व्यासाच्या वर्गावर असल्याने २० मायक्रॉनचा कण शंभरपट वेगाने पडतो. २० अंशांना त्याला ४ मिनिटं ३८ सेकंद लागतात.

४० सेकंदांचं वाचन ठीक आहे. १० सें.मी. खोलीला ते सुमारे ५३ मायक्रॉनशी जुळतं, म्हणजे अमेरिकी पद्धतीतल्या वाळूच्या सीमेशी. २ तासांचं वाचन हा बौयूकोसच्या सोप्या पद्धतीतला शॉर्टकट आहे. हायड्रोमीटरची परिणामकारक खोली १२ सें.मी. धरली तर २० अंशांना २ तासांनी जो आकार वाचला जातो तो सुमारे ४.३ मायक्रॉन असतो, २ नव्हे. म्हणजे थोडा गाळही चिकणमातीत मोजला जातो. आपल्या नमुन्यात २ ते ४.३ मायक्रॉनच्या पट्ट्यात अंदाजे साडेसहा टक्के माती येते. म्हणजे ५२ ऐवजी ५८–५९ वाचलं जाईल. हलक्या मातीत हा फरक नगण्य असतो, भारी मातीत नसतो. म्हणून चिकणमातीचं वाचन ६ ते ८ तासांनी घ्या किंवा पिपेट वापरा (ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीवरून नळीने थोडं पाणी काढून त्यातल्या मातीचं वजन घ्यायचं).

कृती थोडक्यात अशी. २ मि.मी. चाळणीतून गेलेली ४० ग्रॅम कोरडी माती १०० मि.ली. ५ टक्के सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या (कण सुटे करणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी यांत्रिक ढवळणीने ५ मिनिटं ढवळा. सगळं १ लिटरच्या मापी नळकांड्यात धुऊन घ्या आणि खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी भरा. दट्ट्याने वर-खाली करून सगळं सारखं मिसळा आणि दट्ट्या बाहेर आला की वेळ सुरू करा. शेजारी दुसऱ्या नळकांड्यात फक्त तेवढंच द्रावण आणि पाणी ठेवा. त्याचं वाचन प्रत्येक वेळी वजा करायचं असतं. हे विसरलं तर हेक्झामेटाफॉस्फेटचे ५ ग्रॅम तुमच्या मातीत चिकणमाती म्हणून जमा होतात, ४० ग्रॅमांत ५ म्हणजे १२ टक्क्यांहून जास्त चूक.

वाळूसाठी मात्र वाचनापेक्षा ओली चाळणी जास्त भरवशाची. शेवटी नळकांड्यातलं सगळं ५३ मायक्रॉनच्या चाळणीवर ओता, धुवा, वाळवा आणि वजन घ्या.

६. एकाच शेतातल्या मातीचे दोन प्रयोगशाळांतले आकडे १०–१५ टक्क्यांनी वेगळे आले. कोणावर विश्वास ठेवायचा?

दोघांनी माती किती सुटी केली ते आधी विचारा. तापमानाची चूक तशी छोटी असते: ३० अंशांच्या पाण्यात २० अंशांची वेळ वापरली तर २ ऐवजी १.८ मायक्रॉनची सीमा पडते, एवढंच. मोठी तफावत येते ती कण एकमेकांना चिकटून राहिल्यामुळे. महाराष्ट्र-गोव्यात याची चार कारणं नेहमी सापडतात.

चुनखडी: काळ्या जमिनीत चुन्याचे बारीक खडे असतात. एका प्रयोगशाळेने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढला आणि दुसरीने ठेवला, तर दोन्ही अहवाल बरोबर असूनही वेगळे येतात. चुना काढला असेल तर तो किती निघाला हेही मागा.

क्षार: ऊसपट्ट्यातल्या खारवट जमिनीत विद्राव्य क्षार किंवा जिप्सम असलं की नळकांड्यातली चिकणमाती पुंजके होऊन अर्ध्या तासात खाली बसते आणि वरचं पाणी नितळ होतं. असं दिसलं की ती चाचणी फेकून द्या. माती आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, निथळाची विद्युतवाहकता उतरली की मग पुन्हा करा.

जांभा: कोकण आणि गोव्यातल्या तांबड्या मातीत लोहाची ऑक्साइडं चिकणमातीला सिमेंटसारखी धरून ठेवतात. नुसत्या हेक्झामेटाफॉस्फेटने ती सुटत नाही आणि चिकणमाती गाळ किंवा वाळू म्हणून मोजली जाते. डायथायोनाइट-सायट्रेटने लोह काढलं की आकडा बराच वर जातो. पण शेतात ते पुंजके पाण्याने सुटत नाहीत, तेव्हा निचऱ्याच्या दृष्टीने न सुटलेला आकडाच जास्त उपयोगी. कशासाठी मोजताय त्यावर निवड करा.

सेंद्रिय पदार्थ: हायड्रोजन पेरॉक्साइडने काढतात. सेंद्रिय कर्ब १ टक्क्याच्या आत असलेल्या पठारी जमिनींत हे टाळलं तरी फारसं बिघडत नाही.

पाचवं कारण माणसाचं. कुजलेला मुरूम लोखंडी खलबत्त्यात कुटला की त्याची वाळू होते. ढेकळं लाकडी मोगरीनेच फोडावीत.

७. पोताच्या त्रिकोणावर बोट फिरवण्याऐवजी स्प्रेडशीटमध्ये सूत्राने वर्ग काढता येतो का?

येतो. पोताचा त्रिकोण म्हणजे तीन टक्केवारींवरून मातीचा वर्ग वाचायचा आलेख. अमेरिकी त्रिकोणात १२ वर्ग आहेत आणि प्रत्येकाच्या कडा सरळ रेषा आहेत, म्हणून सगळं काम ‘जर-तर’ अटींनी होतं. जास्त लागणाऱ्या अटी टक्क्यांत अशा:

रेताड: गाळ + १.५ × चिकणमाती ही बेरीज १५ पेक्षा कमी.
पोयटायुक्त रेताड: वरची बेरीज १५ किंवा जास्त, पण गाळ + २ × चिकणमाती ३० पेक्षा कमी.
पोयटा: चिकणमाती ७ ते २७, गाळ २८ ते ५०, वाळू ५२ किंवा कमी.
रेताड चिकण पोयटा: चिकणमाती २० ते ३५, गाळ २८ पेक्षा कमी, वाळू ४५ पेक्षा जास्त.
चिकण पोयटा: चिकणमाती २७ ते ४०, वाळू २० ते ४५.
चिकणमाती: चिकणमाती ४० किंवा जास्त, वाळू ४५ पर्यंत, गाळ ४० पेक्षा कमी.

चूक दोन ठिकाणी होते. एक, सीमेवरचा नमुना (चिकणमाती बरोबर २७) दोन वर्गांत पडतो किंवा एकातही पडत नाही. कोणत्या बाजूला ‘किंवा समान’ लावायचं ते सगळ्या अटींत एकसारखं ठरवा. दोन, बेरीज १०० नसते. बेरीज ९८ ते १०२ च्या आत असेल तर तिन्ही आकडे त्या बेरजेने भागून १०० ने गुणा. त्याबाहेर असेल तर प्रमाणात वाटून झाकू नका, चाचणीतच काहीतरी गळलं आहे. आर या सांख्यिकीच्या संगणक-प्रणालीत यासाठी सॉइलटेक्स्चर नावाचं तयार पॅकेज आहे आणि तेही बेरीज तपासूनच पुढे जातं.

८. आंतरराष्ट्रीय पद्धतीचे आकडे थेट अमेरिकी त्रिकोणात टाकले तर काय बिघडेल?

वर्गच बदलू शकतो. एक नमुना घ्या: चिकणमाती २४, गाळ १६, बारीक वाळू ४०, जाड वाळू २०. दोन्ही वाळू मिळवून थेट टाकलं तर वाळू ६०, गाळ १६, चिकणमाती २४, म्हणजे ‘रेताड चिकण पोयटा’.

आता ०.०५ मि.मी.ची सीमा काढू. ०.०२ मि.मी.पर्यंत ४० टक्के माती आहे, ०.२ पर्यंत ८० टक्के. आकाराचा लॉगॅरिदम घेतला तर ०.०५ हा ०.०२ आणि ०.२ यांच्यामध्ये ०.३९८ अंतरावर येतो. म्हणून ०.०५ पर्यंत ४० + ०.३९८ × ४० = ५५.९ टक्के. त्यातून चिकणमातीचे २४ वजा केले की गाळ ३१.९ आणि वाळू ४४.१. ही माती सरळ ‘पोयटा’ आहे.

लॉगॅरिदम न घेता साध्या अंतराने केलं तर ०.०५ फक्त एक षष्ठांश अंतरावर येतो आणि गाळ २२.७ निघतो. तो चुकीचा आहे, कारण कणांचे आकार पटीने पसरलेले असतात. बारीक आणि जाड वाळू वेगळी दिली नसेल तर ०.०२ ते २ या दोन दशकांत एकच सरळ रेषा धरावी लागते. रूपांतर तरीही होतं, पण मग वर्ग ठामपणे सांगू नका (प्रश्न १३).

९. पोत एकाच आकड्यात सांगता येतो का? सरासरी व्यास असं काहीतरी वाचलं होतं.

शिराझी आणि बोर्स्मा यांनी १९८४ मध्ये दिलेला भूमितीय सरासरी व्यास म्हणजे तेच. प्रत्येक गटाला एक प्रतिनिधी व्यास द्यायचा: चिकणमाती ०.००१, गाळ ०.०२६, वाळू १.०२५ मि.मी. प्रत्येकाचा नैसर्गिक लॉगॅरिदम त्या गटाच्या अंशाने गुणून बेरीज करायची आणि लॉगॅरिदम उलटवायचा (ई चा तेवढा घात घ्यायचा).

आपला नमुना: ०.५२ × (−६.९०८) + ०.२८ × (−३.६५०) + ०.२० × ०.०२५ = −४.६०९. उलटवल्यावर सरासरी व्यास ०.०१० मि.मी. पसरण काढायची तर लॉगॅरिदमांच्या वर्गांची भारित सरासरी घ्या, तिच्यातून −४.६०९ चा वर्ग वजा करा (७.३० उरतात), वर्गमूळ २.७० आणि उलटवल्यावर १४.९. ही भूमितीय प्रमाण-विचलनाची संख्या.

हे दोन आकडे धूप आणि पाणी धारण करण्याच्या सूत्रांत सोयीचे पडतात, कारण तीन टक्केवारींची बेरीज कायम १०० असल्यामुळे ती तिन्ही एकत्र समाश्रयणात (आकड्यांवर सूत्र बसवण्याच्या सांख्यिकी रीतीत) घालता येत नाहीत. पण हे प्रतिनिधी व्यास अमेरिकी सीमांवरून आले आहेत. आंतरराष्ट्रीय टक्केवारी इथे घालू नका.

१०. कणांच्या पूर्ण वितरणासाठी कोणतं मॉडेल वापरावं? लॉग-नॉर्मल, वायबुल, फ्रेडलंड... यादी संपतच नाही.

आधी तुमच्याकडे बिंदू किती आहेत ते मोजा. वाळू, गाळ आणि चिकणमाती एवढंच असेल तर संचयी वक्रावर (त्या त्या आकाराखाली एकूण किती टक्के माती, याचा आलेख) मोकळे बिंदू दोनच: २ मायक्रॉनला ५२ टक्के आणि ५० मायक्रॉनला ८० टक्के. दोन बिंदूंवर दोनच प्राचलं (सूत्रात बसवायचे आकडे) ठरतात. फ्रेडलंडचं २००० सालचं चार प्राचलांचं सूत्र इथे बसवलं तर संगणक काहीतरी आकडे देईल, पण ते आकडे तुम्ही दिलेल्या आरंभिक अंदाजाचे असतील, मातीचे नव्हेत. स्कॅग्ज आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या पद्धतीला तिसरा बिंदू म्हणून बारीक वाळूचा वाटा लागतो.

दोन बिंदूंवर तीन मॉडेल बसवून पाहू. लॉग-नॉर्मलमध्ये टक्केवारीचं प्रमाणित मूल्य (५२ साठी ०.०५०, ८० साठी ०.८४२) आकाराच्या लॉगॅरिदमच्या सरळ रेषेत असतं. रेषा काढली की मध्यक ०.००१६ मि.मी. आणि लॉगॅरिदमी विचलन ४.०७ येतं. वायबुल म्हणजेच रोझिन-रॅमलर सूत्रात संचयी अंश = १ − घातांकी(−(व्यास ÷ मोजपट्टी व्यास)च्या न घाताइतकं). यात न = ०.२४४ निघतो. तिसरं म्हणजे प्रश्न ८ मधली लॉगॅरिदमी सरळ रेषा.

आता प्रत्येकाला विचारा, २० मायक्रॉनच्या खाली किती माती? लॉग-नॉर्मल ७३.१, वायबुल ७२.४, सरळ रेषा ७२.०. फरक एका टक्क्याचा, म्हणजे प्रयोगशाळेच्या चुकीपेक्षाही कमी. मोजलेल्या बिंदूंच्या मध्ये कोणतंही मॉडेल घ्या, फारसं बिघडत नाही.

बाहेर गेलात की सूर बदलतात. ०.२ मायक्रॉनच्या खाली किती, तर लॉग-नॉर्मल ३० टक्के म्हणतं, सरळ रेषा ३२ आणि वायबुल ३४. वरच्या टोकाला लॉग-नॉर्मलनुसार २ मि.मी.पर्यंत ९६ टक्केच माती आहे. उरलेले ४ टक्के त्याहून जाड, जे तुम्ही चाळणीने आधीच बाजूला काढले होते! वायबुलमध्ये ही गळती सुमारे २ टक्के. यावर उपाय म्हणजे वक्र २ मि.मी.ला कापून सगळ्या टक्केवारी त्या कापलेल्या एकूणाने भागायच्या आणि मग प्राचलं पुन्हा बसवायची.

आणखी एक पाहा. याच मातीचं लॉग-नॉर्मलवरून निघालेलं भूमितीय विचलन ५८ आहे आणि प्रश्न ९ मध्ये ते १४.९ होतं. नाव एकच, पण तिथे प्रत्येक गट एका बिंदूत गोळा केला होता, इथे चिकणमातीची शेपटी अनंतापर्यंत जाते. कोणाचा आकडा घेताना त्याने तो कोणत्या रीतीने काढला ते न पाहता तुलना करू नका.

आमची शिफारस: दोन-तीन बिंदू असतील तर लॉगॅरिदमी सरळ रेषा, आणि बाहेरचा अंदाज नको. पाच-सहा बिंदू असतील तर वायबुल किंवा स्कॅग्ज. दहाच्या वर बिंदू आणि वक्राला दोन कुबडं असतील तर फ्रेडलंडचं द्विशिखरी रूप. बसवताना संचयी टक्केवारीतल्या चुका एकमेकींशी जोडलेल्या असतात हे लक्षात ठेवा. संचयी वक्रावर सहसंबंध ०.९९ येणं ही कौतुकाची गोष्ट नाही. सतत चढणाऱ्या कोणत्याही वक्रावर तो येतो. पट्ट्यापट्ट्यातली चूक टक्क्यांत तपासा.

११. फ्रॅक्टल मिती २.९ आली. याचा अर्थ काय?

लहान-मोठ्या सगळ्या आकारांत एकच घाताचा नियम चालतो असं धरून काढलेला आकडा म्हणजे फ्रॅक्टल मिती. टायलर आणि व्हीटक्राफ्ट यांच्या १९९२ च्या सूत्रात संचयी वजन = (व्यास ÷ सर्वांत मोठा व्यास) याचा (३ − मिती) घात. चिकणमाती जास्त तितकी मिती ३ च्या जवळ. आपल्या नमुन्यात २ मायक्रॉनच्या बिंदूवरून मिती २.९१ येते आणि ५० मायक्रॉनच्या बिंदूवरून २.९४. माती खरोखर फ्रॅक्टल असती तर दोन्ही सारख्या आल्या असत्या. चिकणमाती ८, गाळ १२ अशा रेताड मातीत तेच आकडे २.६३ आणि २.५६. म्हणून मितीसोबत ती कोणत्या आकारांच्या दरम्यान काढली ते लिहा. फक्त तीन गटांवरून काढलेली मिती ही चिकणमातीची टक्केवारीच वेगळ्या कपड्यांत असते, नवीन माहिती नसते.

१२. लेझर यंत्राने चिकणमाती १८ टक्के दाखवली, पिपेटने ४५. यंत्र बिघडलंय का?

बहुधा नाही. लेझर प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकारमान मोजतं, पिपेट पडण्याच्या वेगावरून वजन. चिकणमातीचे कण पत्र्यासारखे चपटे असतात. पाण्यात ते हळू पडतात म्हणून पिपेटला लहान वाटतात, लेझरला मात्र त्यांचा रुंद चेहरा दिसतो. कोनर्ट आणि व्हांडनबेर्ग यांनी १९९७ मध्ये दाखवलं की त्यांच्या नमुन्यांत पिपेटच्या २ मायक्रॉनशी लेझरचे ८ मायक्रॉन जुळतात. हा ८ चा आकडा सरसकट लावू नका. तुमच्याच मातीच्या १५–२० नमुन्यांवर दोन्ही पद्धती करून स्वतःची सीमा काढा. आणि लेझरचा कच्चा आकडा प्रश्न ७ च्या त्रिकोणात घालू नका.

१३. माझी माती दोन वर्गांच्या सीमेवर आहे. कोणता वर्ग लिहू?

शक्यतेसह लिहा. चिकणमाती २८, गाळ ३४, वाळू ३८ हा ‘चिकण पोयटा’. पण मोजमापाचं प्रमाण-विचलन २ टक्के असेल तर खरी चिकणमाती २७ च्या खाली असण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के आहे, आणि मग तो ‘पोयटा’ ठरतो. सीमा एकापेक्षा जास्त असतील तर स्प्रेडशीटमध्ये हजार यादृच्छिक नमुने बनवा, प्रत्येकाची बेरीज १०० करा आणि कोणत्या वर्गात किती पडले ते मोजा.

१४. शेताचा पोत-नकाशा केला तर काही ठिकाणी बेरीज ९६ येते, काही ठिकाणी १०५. का?

वाळू, गाळ आणि चिकणमातीचं अंतर्गणन (मोजलेल्या बिंदूंमधल्या जागांचे आकडे काढणं) तीन वेगवेगळ्या व्हेरिओग्रामने (अंतर वाढलं की फरक किती वाढतो त्याचा आलेख) केल्यामुळे. तिन्हींना एकच व्हेरिओग्राम आणि तेच शेजारी बिंदू दिले तर साध्या क्रिगिंगमध्येही (व्हेरिओग्रामवर आधारलेल्या अंतर्गणनात) बेरीज १०० च राहते, पण मग एखाद्या गटाचं खरं वागणं दाबलं जातं. चांगला मार्ग एचिसनच्या गुणोत्तर-लॉगॅरिदमांचा: चिकणमाती ÷ वाळू आणि गाळ ÷ वाळू यांचे लॉगॅरिदम घ्या, दोघांचं क्रिगिंग करा आणि उलट फिरवा. कुठे शून्य असेल तर त्याजागी मोजता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या अर्धा आकडा ठेवा. मात्र चार खड्ड्यांतली माती सारख्या वजनाने मिसळली तर मिश्रणाचा पोत साध्या सरासरीनेच निघतो, लॉगॅरिदमी सरासरीने नाही. वर्गांची सरासरी तर कधीच काढू नका.

१५. पोतावरून जमीन किती पाणी धरेल हे काढता येतं का? काळ्या जमिनीला चालतं का?

सॅक्स्टन आणि रॉल्स यांच्या २००६ च्या समीकरणांत आपला नमुना १ टक्का सेंद्रिय पदार्थ धरून घातला तर क्षेत्रक्षमता (जास्तीचं पाणी निथळल्यावर उरणारी ओल) ४३ टक्के, कोमेजबिंदू (ज्याखाली पीक सुकतं ती ओल) ३१ टक्के आणि पिकाला मिळणारं पाणी १२.६ टक्के, म्हणजे मीटरभर खोलीत १२६ मि.मी.

पण ही समीकरणं बांधताना ६० टक्क्यांहून जास्त चिकणमातीचे नमुने वगळले होते, आणि ती स्मेक्टाइट या पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकण खनिजाच्या जमिनींसाठी खास बांधलेली नाहीत. काळी माती भिजली की तिचं आकारमानच वाढतं, भेगांतून पाणी थेट खोल जातं. सिंचनाचा पहिला अंदाज म्हणून आकडा वापरा. ठिबकची पाळी ठरवताना शेतातच ओल मोजा.

१६. नमुन्यात ४० टक्के मुरूम होता, प्रयोगशाळेने तो चाळून फेकला. मग हा पोत माझ्या जमिनीचा का?

बारीक मातीचा आहे, जमिनीचा नाही. पाण्याच्या हिशेबात मुरूम आकारमानाने वजा करावा लागतो, वजनाने नाही. मुरमाची घनता २.६५ आणि बारीक मातीची १.४ धरली तर १०० ग्रॅममध्ये मुरूम १५.१ घन सें.मी. आणि माती ४२.९ घन सें.मी. म्हणजे मुरूम आकारमानाने २६ टक्के. प्रश्न १५ मधला पाण्याचा आकडा ०.७४ ने गुणा. कुजलेला, बोटांनी चुरडणारा मुरूम स्वतः थोडं पाणी धरतो आणि त्याची घनताही कमी असते. तिथे तुकड्यांची घनता मेणाचा लेप देऊन पाण्यात बुडवून मोजा. म्हणून नमुना देतानाच एकूण वजन आणि चाळणीवर उरलेलं वजन लिहून ठेवायला सांगा.

१७. माझ्याकडे बांधकामासाठीचा माती अहवाल आहे. त्यावरून शेतीचा पोत काढता येईल का?

भारतीय मानक २७२० च्या भाग ४ प्रमाणे चाळणी आणि हायड्रोमीटर दोन्ही केलं असेल तर त्यात पूर्ण वक्र असतो, आणि वक्र असेल तर काम सोपं. ४.७५ ऐवजी २ मि.मी.ला कापा, २ मि.मी.खालचं प्रमाण १०० धरा आणि ०.०५ व ०.००२ ला वाचा. फक्त ‘वाळू-गाळ-चिकणमाती’ची टक्केवारी दिली असेल तर ०.०७५ वरून ०.०५ ला लॉगॅरिदमी रेषेने या, कृती प्रश्न ८ चीच.

त्या अहवालातले एकरूपता गुणांक (६० टक्क्यांचा व्यास ÷ १० टक्क्यांचा व्यास) आणि वक्रता गुणांक वाळू-खडीसाठी आहेत. एकरूपता ६ च्या वर आणि वक्रता १ ते ३ असेल तर वाळू चांगल्या प्रतवारीची मानतात. काळ्या मातीत १० टक्क्यांचा व्यास २ मायक्रॉनच्याही कितीतरी खाली असतो, तो मोजलेलाच नसतो. तिथे हे गुणांक छापलेले दिसले तर ते वक्र लांबवून काढलेले आहेत असं समजा.

उलट शेतीच्या अहवालावरून पायाचा निर्णय घेऊ नका. ५० टक्के चिकणमातीची जांभ्याची माती आणि तेवढ्याच चिकणमातीची काळी माती आकाराच्या वक्रावर जवळजवळ सारखी दिसू शकते. स्केम्टनची १९५३ ची क्रियाशीलता, म्हणजे प्लॅस्टिसिटी निर्देशांक (ओलाव्याच्या किती पट्ट्यात माती मळता येते तो आकडा) भागिले चिकणमातीची टक्केवारी, दोघींना वेगळं करते: केओलिनाइटसाठी (जांभ्यातलं चिकण खनिज) ती ०.४ च्या आसपास, कॅल्शियम मॉन्टमोरिलोनाइटसाठी (काळ्या मातीतलं, स्मेक्टाइट गटातलं) १.५ च्या आसपास, आणि १.२५ च्या वर माती क्रियाशील धरतात. त्यासाठी अटरबर्ग मर्यादांची, म्हणजे हा निर्देशांक काढण्याची, चाचणी वेगळी करून घ्यावी लागते, आणि तिला ०.४२५ मि.मी. चाळणीतून गेलेली माती लागते, २ मि.मी.ची नव्हे.